केळझरच्या चढावर थांबणारी गाडी

"आधी प्लग काढा!" फोनमधून आवाज आला.

"प्लग कालच बदलला, ठाकरे सर," मेश्राम साहेब फोनला म्हणाले.

"मग परत काढा."

मी केळझरच्या चढावर, डांबराच्या कडेला गुडघे टेकून बसलो होतो. हातात पाना, मानेवर ऑक्टोबरचं ऊन. माझ्या डोक्यावर मेश्राम साहेबांनी मोबाईल धरला होता आणि त्यातून चार-पाच निवृत्त चेहरे माझं काम पाहत होते. त्यातले एक जण पोहे खात होते. त्यांना तोंड पुसायचीही फुरसत नव्हती, पण माझा पाना चुकीच्या नंबरचा आहे हे त्यांना दिसलं होतं.

मी प्लग काढला. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी चिमणी वस्तू. कोरडा होता, स्वच्छ होता, नवा होता. मी शर्टाला पुसला आणि परत लावला. तेवढ्यात साहेबांनी सवयीप्रमाणे टाकीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, "पेट्रोल त फुल्ल हाये," असं जाहीर केलं आणि झाकण लावलं. मी किक मारली. गाडी सुरू झाली.

"पाह्यलं?" फोनमधून ठाकरे सर म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, प्लग?"

पोहेवाल्यांनी अंगठा दाखवला.

माझं नाव प्रभाकर. गाव वडनेर, गॅरेज वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत. जुन्या गाड्या माझ्याकडे येतात, कारण नव्या गाड्यांना मेकॅनिक लागत नाही, लॅपटॉप लागतो. मेश्राम साहेबांची गाडी म्हणजे जुनी टूरिंग मोटरसायकल. टूरिंग म्हणजे लांबच्या प्रवासाची: जाड सीट, मोठी टाकी, उंच हँडल, दिवसभर बसलं तरी कंबर बोंबलत नाही. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं. पार्ट मिळत नाहीत. मिळाले तर बसत नाहीत. बसवले तर मालक म्हणतो, पहिल्यासारखा आवाज येत नाही.

साहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. आयुष्य कालवे आणि तलाव यांच्यावर गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी आणि कॉलेजातून निवृत्त झालेल्या ठाकरे सरांनी मिळून 'वारावेग टूरिंग ग्रुप' काढला. सर ग्रुपचे अॅडमिन. सगळ्यांकडे जुन्या गाड्या, सगळ्यांकडे गुडघ्याला बांधायचे गार्ड आणि भर मे महिन्यातही अंगात काळं जाकीट. लडाखला जायचं हे पक्कं ठरलेलं आहे. आजवरची मजल बुटीबोरी. तिथे तर्री-पोहे खायचे, गाड्यांचे फोटो काढायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचं.

या ग्रुपात सकाळपासून ज्ञान वाहत असतं. मेश्राम साहेब तसे कडक बुद्धिवादी. नजर, मुहूर्त, उतारा, काही चालू देत नाहीत. ठाकरे सर एकदा म्हणाले होते, "मेश्राम, गाडी नेहमी त्याच जागी थांबून राह्यली. एखादं नारळ फोडून पाहा." त्यावर साहेबांनी सरांना अर्धा तास विज्ञान शिकवलं. पण तोच माणूस ग्रुपात कोणी लिहिलं की टायरमध्ये सकाळची थंड हवा भरली की गाडी हलकी पळते, तर पहाटे पंपावर उभा. देव मानत नाही, ग्रुप मात्र मानतो.

गाडीचा आजार असा होता. गावात पळायची. वर्धा स्टेशन, भाजीबाजार, बँक, सगळीकडे मक्खन. पण लांब निघालं की पवनार गेलं, सेलू गेलं, केळझरचा चढ आला की गाडी दोन-तीन आचके देऊन बंद. मग कोणी तरी काही तरी करायचं आणि ती सुरू व्हायची. त्यामुळे आजवर तिला हात लावलेला प्रत्येक माणूस यशस्वी डॉक्टर होता. एकाने वायर हलवली, सुरू झाली. एकाने कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या डब्यावर, पान्याने ठोकलं, सुरू झाली. केळझरच्या एका पंक्चरवाल्याने तर नुसती मागून ढकलली. तो अजून सांगतो, साहेबांची गाडी माझ्याच हाताला ओळखते.

मी माझ्या गॅरेजात तिला रीतसर तपासलं. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी. ठिणगी निळी, जोरदार. एअर फिल्टर साफ. पेट्रोलची नळी काढून बाटलीत धरली, धार चांगली. नळी काढायच्या आधी मी टाकीत किती पेट्रोल आहे ते झाकण उघडून पाहिलं होतं. हे आता सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच होती आणि मला ती दिसली नाही. ठिणगीला वीज देणारी कॉइल जुनी होती म्हणून बदलली. गावात दोन फेऱ्या मारल्या, ठणठणीत. मीही यशस्वी डॉक्टरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

आणि आता मी केळझरच्या चढावर होतो.

 साहेब गॅरेजात आले, बाकावर बसले, हेल्मेट मांडीवर घेतलं.

"प्रभाकर, एक सांगू का?"

"सांगा न साहेब."

"गाडी नाई चालली त नाई चालली. पण मागची सीट रिकामी घेऊन मी नागपूरले कसा जाऊ?"

तेव्हा मला सगळं कळलं. मेश्राम सिस्टर, म्हणजे साहेबांच्या बायको, दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या. आख्खी सिंदी मेघे त्यांना सिस्टर म्हणते. लग्न झाल्यापासून दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, म्हणजे दसऱ्याला, दोघं याच गाडीवर दीक्षाभूमीला जात. सिस्टर पांढऱ्या साडीत, मांडीवर डबा. मुलं झाली, मधे बसली, मोठी झाली, उतरली. मागची सीट सिस्टरांचीच राहिली. मागच्या वर्षी गाडी याच चढावर बंद पडली. साहेब प्लग घासत बसले आणि सिस्टर गिट्टीच्या ढिगावर. फोनमधून ग्रुप मार्गदर्शन करत होता. बराच वेळ ते मार्गदर्शन ऐकल्यावर सिस्टर उठल्या, नागपूरकडे चाललेल्या लोकांच्या एका ट्रकला हात दाखवला आणि चढून गेल्या. साहेब पोचले तेव्हा माणसं परत फिरली होती. त्या दिवसापासून सिस्टर गाडीवर बसलेल्या नाहीत. यंदा गल्लीतल्या बायकांनी ट्रॅव्हलर ठरवली होती आणि सिस्टरांनी खिडकीची जागा सांगून ठेवली होती.

विजयादशमी पुढच्या आठवड्यात होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः गॅरेजात आल्या. भाजीची पिशवी बाकावर ठेवली, गाडीला एक चक्कर मारली. वॉर्डात राउंड घेतात तशी.

"प्रभाकरभाऊ, सुधारली का?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "गावात चालते, सिस्टर."

"गावात त मीबी चालतो." त्या साहेबांकडे वळल्या. "अवो, ऐका. रविवारी मी मागं बसतो. बुटीबोरीपर्यंत जाऊ आणि वापस येऊ. थांबली नाई त नागपूरले बसन. थांबली त तठूनच यष्टी धरन, आणि मंग हे डबडं पोर्चातून हलवायचं. मंजूर?"

"मंजूर," साहेब म्हणाले. आवाज असा की जणू ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

तो आठवडा डोक्याला ताप होता. ग्रुपाला रविवारची बातमी लागली. एकाने लिहिलं, पेट्रोलात पाणी आहे. एकाने लिहिलं, पाण्यात पेट्रोल आहे. कोणी म्हणालं हॉर्न काढा, लोड कमी होतो. ठाकरे सर गॅरेजात येऊन उभे राहिले.

"प्रभाकर, माझं ऐक. टाकी फुल्ल कर. पेट्रोलचं वजन असलं की प्रेशर चांगलं येते."

"सर, ते दर वेळी फुल्लच करतात."

"मग आणखी फुल्ल कर."

रविवारी सकाळी निघालो. साहेबांनी नेहमीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. सिस्टर मागे बसल्या. पदर पिनने खांद्याला घट्ट लावलेला, डोक्यावर हेल्मेट, तोंड मिटलेलं. मी माझ्या स्कूटरवर मागे. साहेबांनी फोन हँडलच्या स्टँडवर लावला होता आणि ग्रुप त्यातून थेट रस्ता पाहत होता.

पवनार गेलं. सेलू गेलं. साहेबांची पाठ ताठ होत चालली होती, मला मागून दिसत होती. केळझरचा चढ आला. एक आचका. दुसरा. गाडी कडेला जाऊन गप्प उभी राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी हेल्मेटही काढलं नाही. सिस्टर उतरल्या आणि रस्त्याकडे पाहू लागल्या. लांबून यष्टी येतेय का ते पाहत होत्या, हे उघड होतं.

"वायर हलवा!" फोनमधून ठाकरे सर ओरडले.

साहेबांनी हात लांब करून फोन बंद केला. त्यांना ग्रुपाचा फोन बंद करताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग सवयीने त्यांचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला आणि त्यांनी झाकण फिरवलं.

फुस्स झालं. लहानसा आवाज. हायवेवर ट्रक जात असता तर ऐकू आला नसता.

सिस्टर वळल्या. "हे काय वाजलं?"

"काय वाजलं?" साहेब म्हणाले.

"झाकण लावा. थांबा जराक. आता उघडा."

उघडलं. यावेळी काही वाजलं नाही.

"पहिल्यांदा हवा आत गेली," सिस्टर म्हणाल्या. "प्रभाकरभाऊ, याच्यात हवा कुठून जाते?"

"कुठे?"

"टाकीत. पेट्रोल खाली उतरते, मंग वरती जागा होते न? त्या जागेत हवा कुठून येते? पयले आमच्याइथं सलाईनच्या काचेच्या बाटल्या राहत. एक सुई पेशंटले आणि एक नुसती बाटलीले, हवेसाठी. नवी पोरगी ती दुसरी सुई विसरली की थेंब थांबे. पेशंटचे नातेवाईक येऊन बाटलीले टिचक्या मारत. डॉक्टर येऊन हात हलवत. सगळे सगळं करत, हवेची सुई कोणी लावत नसे."

मी झाकण हातात घेतलं. आता मेकॅनिकच्या भाषेत सांगतो. जुन्या गाडीत पेट्रोल पंपाने येत नाही, टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं. ते यावं म्हणून झाकणाला मोहरीएवढं एक छिद्र असतं. पेट्रोल खाली, हवा आत. छिद्र बंद असलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोल वरच ओढून धरते. गाडी उपाशी मरते, पोट भरलेलं असताना.

छिद्र असायला हवं तिथे गुळगुळीत होतं. वर झाकणाच्याच रंगाचा रंग. नखाने खरवडला तर खाली राखाडी पुट्टी निघाली. नळाच्या गळतीला मळून लावतात ती, सुकली की दगड होते.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. इतकं सफाईदार काम की मला त्या माणसाचा रागही आला आणि हेवाही वाटला.

साहेब केळझरच्या डोंगराकडे पाहत होते.

"अवो," सिस्टर म्हणाल्या.

"बाष्पीभवन," साहेब म्हणाले.

"काय?"

"मागच्या वर्षीचा उन्हाळा आठव न. पोर्चात पेट्रोलचा वास येऊन राह्यला होता. म्हणलं, उडून राह्यलं. अवं, तलावातलं पाणी उन्हानं उडते, तेच त मी जिंदगीभर मोजलं. मंग पेट्रोल काऊन नाई उडणार? छिद्र दिसलं, बंद केलं. आणि खरं सांगू, वास बंद झाला होता."

"आणि मले सांगतलं नाई?"

"तुले नाई सांगतलं," साहेब म्हणाले, "ग्रुपात टाकलं होतं. व्हिडिओ."

मला हसू दाबवत नव्हतं. सगळा हिशोब लागला. साहेब नेहमी त्याच पंपावर टाकी गच्च भरणार, झाकण लावणार, आणि तिथून ठरावीक पेट्रोल जळालं की पोकळी भरात येणार. तेवढ्या पेट्रोलात गाडी केळझरच्या चढापर्यंत येते. चढाचा काही दोष नाही. टाकी अर्धी असली तर आत हवा भरपूर, म्हणून गावात मक्खन. आणि बंद पडली की साहेब झाकण उघडून पाहणार पेट्रोल आहे का. तिथेच गाडी बरी व्हायची. श्रेय मात्र त्याचं, ज्याचा हात त्या क्षणी गाडीत असेल.

पुट्टी स्क्रूड्रायव्हरने उडवली, पण छिद्रात खोल गेलेला तुकडा निघेना. सिस्टरांनी पदराची पिन काढून माझ्या हातात दिली. थोडं कोरलं, फुंकर मारली, आरपार उजेड दिसला.

तिथून बुटीबोरी, आणि बुटीबोरीहून घर. गाडी कुठे शिंकलीसुद्धा नाही. साहेबांची पाठ मागून पाहण्यासारखी होती.

गॅरेजासमोर सिस्टर उतरल्या. साहेब हेल्मेट काढून हसत उभे. "मंग? ट्रॅव्हलरची जागा सोडायची न आता?"

"गाडी सुधारली," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं बाकी हाये. तुमचा व्हिडिओ पाहून किती लोकांनी छिद्र बुजवलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान्याकडे.

"सात-आठ जणांनी अंगठे दिले होते," साहेब म्हणाले.

"त्यातले निम्मे बायको मागं बसवून फिरतात. कोणाची गाडी ट्रकच्या पुढं बंद पडली म्हणजे? ग्रुपात लिहा, छिद्र उघडा, मी चुकलो म्हणून. मंग मी बसतो."

"अवं, छिद्र उघडा लिहितो न. 'मी चुकलो' कायले पाहिजे?"

"कारण तेवढंच लोक वाचतात."

पुढचे दिवस साहेबांचे कसे गेले, मी जवळून पाहिले. ज्या माणसाने कंत्राटदारांना भर मीटिंगमध्ये घाम फोडला, तो माझ्या बाकावर बसून दोन ओळी लिहायचा आणि पुसायचा. एकदा म्हणाले, "प्रभाकर, तूच टाक न. मेकॅनिकचा सल्ला म्हणून."

"साहेब, मी टाकलं त मेकॅनिकचा धंदा म्हणतीन."

एकदा म्हणाले, "असं लिहू का, की काही तांत्रिक कारणास्तव?"

मला त्यांची कीव येत होती, खरंच. पण सिस्टरांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. गल्लीत ट्रॅव्हलरची खिडकी अजून सिस्टरांच्याच नावावर होती.

दसऱ्याच्या सकाळी मी पाने धुऊन मांडत होतो, झेंडूची माळ दाराला लावत होतो. फोन वाजला. ठाकरे सरांनी मलाही मधे ग्रुपात घेतलं होतं. मेश्राम साहेबांनी लिहिलं होतं:

'टाकीच्या झाकणाचं छिद्र बंद करा असं मी सांगतलं होतं. ते चूक होतं. मी चुकलो. ज्यांनी बंद केलं त्यांनी आजच उघडा, नाही तर गाडी रस्त्यात बंद पडेल. सर्वांना जयभीम.'

मी ते दोनदा वाचलं. म्हटलं, या माणसाला आज भेटलं की सलाम करायचा. मग खाली उत्तरं येऊ लागली.

'जबरदस्त टिप, साहेब!'

'आणखी एक मोलाची माहिती. आभारी.'

'साहेब, तुमच्या टिप्समुळेच माझी गाडी चालून राह्यली.'

ठाकरे सरांनी लिहिलं, 'हे मी आधीपासून म्हणत होतो.'

तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. साहेबांची गाडी कोपऱ्यावरून वळली, मागे पांढरी साडी, मांडीवर डबा. आणि गाडी माझ्या गॅरेजासमोर येऊन थांबली.

मी माळ टाकून बाहेर धावलो. "काय झालं?"

"काई नाई झालं," सिस्टर म्हणाल्या. "म्याच थांबवली. माही पिन द्या."

केळझरची पिन मी कॅलेंडरला टोचून ठेवली होती. काढून दिली. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, घट्ट लावला, साहेबांच्या पाठीवर टिचकी मारली. "चला. फोन बंद हाये न?"

"बंद हाये," साहेब म्हणाले.

गेले. केळझरहून फोन आला नाही. बुटीबोरीहून आला नाही. संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा साहेबांचं नाक उन्हाने लाल झालं होतं आणि सिस्टरांचा डबा रिकामा होता.

दसऱ्यानंतर पहिलं गिऱ्हाईक ठाकरे सर. त्यांनी छिद्राची पुट्टी काढली होती आणि मग ड्रिल मशीनने छिद्र बोटाएवढं मोठं केलं होतं. "जास्त हवा, जास्त पिकअप," ते म्हणाले. प्रत्येक ब्रेकला पेट्रोल उसळून पँटवर येत होतं, म्हणून गुडघ्याच्या गार्डखाली प्लास्टिक बांधलं होतं. त्याचा व्हिडिओही टाकला होता.

तेव्हापासून माझ्याकडे कोणतीही जुनी गाडी आली की मी पाना उचलत नाही. आधी चहा सांगतो, मालकाला बसवतो आणि विचारतो, "साहेब, गाडीचं नंतर पाहू. तुम्ही स्वतः काय काय सुधारलं?"